घरच्या सॉकेटवर वेल्डर चालवायचाय? आधी भिंतीतली वायर बघा

माझ्या हत्यारांच्या पेटीत एक जळका प्लग आहे. तीन जाड पिनांचा, काळा. फेजच्या पिनेभोवतीचं प्लास्टिक आधी तपकिरी झालं, मग पिनेवर ओघळलं आणि तिथेच गोठलं. नवा वेल्डर आणल्याच्या दुसऱ्याच दिवशीचा हा पराक्रम. यंत्रावर ठळक अक्षरांत '२०० अँपिअर', हातात ३.१५ मिमीचे रॉड, आणि जवळचं सॉकेट नेमकं छोट्या पिनांचं. मग काय, मोठा प्लग छोट्या सॉकेटात बसवणारा कन्व्हर्टर लावला, नॉब १२० वर नेला आणि सुरू झालो. दोन रॉड झकास जळले. तिसऱ्याला घाण वास यायला लागला. मला वाटलं रंगाचा असेल. तो भिंतीकडून येत होता.

आणि एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की वीज तोडणारं बटण? तो शेवटपर्यंत पडला नाही.

वेल्डर घेताना आपण यंत्राचे अँपिअर बघतो. घरात काम किती होणार, हे मात्र भिंतीतली वायर, सॉकेटच्या पट्ट्या आणि प्लगचे स्क्रू ठरवतात. त्यांच्या मापात राहिलात तर घरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर पुष्कळ काम होतं: चौकोनी पाइपचा स्टँड, गेटची तुटलेली बिजागरी, खिडकीची जाळी, कपाटाचा सांगाडा. मापाबाहेर गेलात तर माझ्यासारखा प्लग जपून ठेवावा लागेल.

पुढचं सगळं २३० व्होल्टच्या घरगुती पुरवठ्यासाठी आणि रॉडने वेल्डिंग करणाऱ्या छोट्या यंत्रासाठी आहे. जिथे घरात ११०–१२० व्होल्ट येतात तिथे तेवढ्याच कामाला जवळजवळ दुप्पट अँपिअर लागतात, त्यामुळे इथले आकडे तिथे लावू नका.

१. यंत्र कोणत्या जातीचं आहे ते ओळखा

खांद्याला पट्टा अडकवून नेता येतो, पाच-सात किलोचा आहे, आत पंखा आहे, पुढे अँपिअरचा नॉब किंवा आकडे दाखवणारी पट्टी आहे, तर तो इन्व्हर्टर वेल्डर. घरी हाच चालतो.

उचलताना कंबर धरते, आत तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची मोठी कॉइल आहे आणि चालू केल्यावर गुणगुणतो, तो ट्रान्सफॉर्मर वेल्डर. तो घरच्या सॉकेटला लावूच नका. त्यातले बरेचसे दोन फेजवर, म्हणजे ४०० व्होल्टच्या आसपास चालतात, आणि सिंगल फेजवर चालणारेही घरच्या वायरिंगला न झेपणारा करंट ओढतात. कोणी "जुना आहे, फुकट घेऊन जा" म्हणालं तरी नको.

'इन्व्हर्टर' या शब्दाचा एक घोळही मिटवून टाकू. वीज गेल्यावर बॅटरीवर दिवे-पंखे चालवणारा इन्व्हर्टर वेगळा. घरातली काही सॉकेटं त्याच्या लाइनवर असतात. वेल्डर अशा सॉकेटला लावायचा नाही, वीज असतानाही नाही. कोणती सॉकेटं त्या लाइनवर आहेत हे माहीत नसेल तर मेन बंद करा आणि कुठे वीज शिल्लक राहते ते टेस्टरने बघा.

२. यंत्राच्या पाठीवरची पाटी वाचा

पुढच्या बाजूचा मोठा आकडा जाहिरातीसाठी असतो. खरी माहिती मागच्या किंवा खालच्या बाजूच्या बारीक पाटीवर असते. फोनने फोटो काढून मोठा करून वाचा. एवढं शोधायचं:

'यू वन' म्हणजे आत येणारं व्होल्टेज. २३० हवं.

'आय वन मॅक्स' म्हणजे यंत्र पूर्ण ताकदीने चालताना सॉकेटमधून किती अँपिअर ओढेल.

'आय वन इफेक्टिव्ह' म्हणजे मधली विश्रांती धरून वायरीला सरासरी किती करंट सोसावा लागेल. वायर किती जाड हवी हे ठरवायला हाच आकडा कामाचा.

'एक्स' म्हणजे ड्यूटी सायकल, टक्क्यांत. दहा मिनिटांतली किती मिनिटं आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणारी विजेची ज्योत, चालू ठेवता येईल ते. ३० टक्के म्हणजे तीन मिनिटं वेल्डिंग, सात मिनिटं आराम. हे ४० अंश तापमान धरून सांगितलेलं असतं.

'यू झीरो' म्हणजे रॉड हवेत असताना तो धरणाऱ्या होल्डरवर असणारं व्होल्टेज, साधारण ६० ते ८० च्या दरम्यान. हे नुसतं वाचून सोडू नका. घामाने भिजलेल्या हातमोज्याला तेवढं पुरतं.

आय वन मॅक्सला ड्यूटी सायकलच्या वर्गमुळाने गुणलं की इफेक्टिव्हचा आकडा येतो. समजा मॅक्स २८ अँपिअर आणि ड्यूटी सायकल ३० टक्के. ०.३ चं वर्गमूळ साधारण ०.५५, म्हणजे इफेक्टिव्ह १५.४ च्या आसपास. असं यंत्र १६ अँपिअरच्या सॉकेटावर कागदोपत्री बसतं, पण सात मिनिटांचा आराम खरोखर दिलात तरच. विश्रांती न देता रॉडमागून रॉड जाळलेत तर सॉकेट २८ अँपिअर सोसत बसेल.

पाटीच नाही, किंवा पाटीवर फक्त '२०० अँपिअर' आणि 'उच्च दर्जा' असलं काहीतरी लिहिलंय? मग ते यंत्र घेण्याआधी दोनदा विचार करा.

३. रॉडपासून उलटा हिशोब करा

नवशिक्यांनी हाच भाग सोडू नये. गणित शाळेतलंच आहे.

रॉड वेल्डिंगमध्ये आर्कचं व्होल्टेज काढायला ठरलेलं सूत्र आहे: २० अधिक वेल्डिंग अँपिअरच्या ०.०४ पट. १०० अँपिअरला २४ व्होल्ट. म्हणजे आर्कमध्ये २४०० वॅट. यंत्राची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर आत साधारण २८२० वॅट जायला हवेत. इथवर वाटतं की २८२० भागिले २३०, म्हणजे फक्त १२ अँपिअर.

इथेच फसगत होते. स्वस्त, छोट्या इन्व्हर्टर वेल्डरचा पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या करंटपैकी खरोखर कामाला लागणारा वाटा, साधारण ०.७ असतो. तो धरला की १२ चे साडेसतरा होतात. वायर तापते ती या साडेसतरांनी.

०.७ पॉवर फॅक्टर धरून, आर्क चालू असताना सॉकेटवर येणारा भार साधारण असा:

वेल्डिंगला ६० अँपिअर: सॉकेटमधून १०
वेल्डिंगला ८० अँपिअर: सॉकेटमधून साडेतेरा
वेल्डिंगला १०० अँपिअर: सॉकेटमधून साडेसतरा
वेल्डिंगला १२० अँपिअर: सॉकेटमधून जवळजवळ २२
वेल्डिंगला २०० अँपिअर: सॉकेटमधून ४० च्या वर

शेवटची ओळ वाचल्यावर माझा '२०० अँपिअर'चा अभिमान गळून पडला. यंत्र खोटं बोलत नव्हतं. तेवढा करंट माझी भिंत त्याला देऊच शकत नव्हती.

काही यंत्रांत पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असतं. पाटीवर किंवा माहितीपत्रकात 'पीएफसी' लिहिलेलं सापडेल. अशा यंत्राला १०० अँपिअरच्या वेल्डिंगला साडेबारा-तेराच लागतात आणि १२० ला साडेपंधरा. घरातच काम करायचं हे पक्कं असेल तर मी मोठ्या आकड्यापेक्षा याला पसंती देईन.

आता रॉड. मऊ लोखंडासाठी सर्रास मिळणारा ६०१३ जातीचा धरा:

२ मिमी: ४० ते ७० अँपिअर
२.५ मिमी: ६० ते ९५ अँपिअर
३.१५ मिमी: ९० ते १४० अँपिअर

दोन्ही याद्या शेजारी ठेवा. १६ अँपिअरच्या सॉकेटवर २.५ मिमीचा रॉड ७५–८५ वर आरामात चालतो. ३.१५ चा रॉड खालच्या टोकाला जेमतेम जळतो, नीट पेटत नाही, म्हणून माणूस नॉब वाढवतो आणि मग माझ्यासारखा प्लग जाळतो. घरी ३.१५ चं पाकीट आणूच नका. दोन ते चार मिमी जाडीच्या पत्र्याला आणि पाइपला २.५ पुरतो. त्याहून जाड असेल तर कडा तिरक्या घासून दोन-तीन थर द्या.

आणखी एक गोष्ट, उलटी वाटणारी. पुरवठ्याचं व्होल्टेज पडलं की गीझर कमी करंट ओढतो. इन्व्हर्टर वेल्डर मात्र आर्कला लागणारे वॅट मिळवायला जास्त ओढतो. २३० ला साडेतेरा घेणारं यंत्र २०० ला साडेपंधरा घेतं. संध्याकाळी सगळीकडचे दिवे लागल्यावर व्होल्टेज उतरत असेल तर वेल्डिंग दुपारी उरका.

४. सॉकेट आणि त्यामागची वायर तपासा

छोट्या पिनांचं ६ अँपिअरचं सॉकेट बाद. कन्व्हर्टर लावूनही बाद. कन्व्हर्टरने पिनांचा आकार बदलतो, मागची वायर तीच राहते. ती बहुतेक वेळा दिव्या-पंख्याच्या मापाची, दीड चौरस मिमी किंवा त्याहून बारीक असते.

जाड पिनांचं १६ अँपिअरचं सॉकेट निवडा. गीझर, वॉशिंग मशीन किंवा एसीसाठी काढलेला पॉइंट सहसा बरा असतो, कारण त्याला बोर्डापासून वेगळी लाइन असते. त्या लाइनवर दुसरं काही चालू नाही ना, ते बघा. दोन किलोवॅटचा गीझर एकटाच पावणेनऊ अँपिअर घेतो. गीझर आणि वेल्डर एका लाइनवर एका वेळी जमायचे नाहीत.

मग मेन बंद करा. मेन म्हणजे मेनच, भिंतीवरचं बटण नव्हे. टेस्टरने खात्री करा आणि सॉकेटची पाटी उघडा. हे करायची सवय नसेल तर वायरमनला बोलवा आणि त्याच्याकडून एवढं बघून घ्या:

वायर तांब्याची आहे का? जुन्या वायरिंगमध्ये अॅल्युमिनियम सापडतं. तो रुपेरी, मऊ तुकडा दिसला तर पाटी परत लावा आणि त्या सॉकेटचा नाद सोडा.

वायर किमान अडीच चौरस मिमी आहे का? चार असेल तर उत्तम.

स्क्रू घट्ट आहेत का? हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच कोणी बघत नाही. ढिल्या स्क्रूखाली समजा एक दशांश ओहमचा अडथळा आहे. २० अँपिअर गेले की तिथे ४० वॅट उष्णता तयार होते. ४० वॅट म्हणजे अख्खा सोल्डरिंग आयर्न, तोही प्लास्टिकच्या डबीत बंद केलेला. माझा प्लग असाच गेला.

पिना आत जाताना अडखळतात का? प्लग सहज सरकत असेल, हलवल्यावर डुलत असेल, तर आतल्या पट्ट्यांचा ताण गेलेला आहे. सॉकेट बदला.

प्लगचंही तेच. बरेच वेल्डर प्लगशिवाय येतात आणि तो आपण बसवतो. वायरीच्या तारा एकत्र पिळून त्यावर सोल्डर चढवू नका. स्क्रूच्या दाबाखाली सोल्डर हळूहळू पसरतं आणि जोड महिन्याभरात ढिला होतो. तारांवर तांब्याची टोपी दाबून बसवा किंवा नुसत्या पिळून घट्ट आवळा. पहिल्या दिवसाच्या कामानंतर प्लग उघडून स्क्रू पुन्हा एकदा आवळा. थोडा तरी फिरतोच.

अर्थिंगही तपासा. मल्टीमीटर एसी व्होल्टेजवर ठेवून फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ मोजा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्ट. फेज ते अर्थ ८०–१०० वर तरंगत असेल किंवा शून्य असेल तर त्या सॉकेटला अर्थ नाही. धातूच्या डब्यातलं यंत्र तिथे लावायचं नाही.

५. एमसीबीवर डोळे मिटून विसंबू नका

"जास्त झालं तर एमसीबी पडेलच की" हे मीही म्हणायचो. १६ अँपिअरचा घरगुती एमसीबी १६.१ ला पडत नाही. १.१३ पट, म्हणजे अठरा अँपिअरपर्यंत तो तासभर पडू नये, आणि १.४५ पट, म्हणजे सव्वातेवीस अँपिअरला तासाभराच्या आत पडावा, असं त्याचं प्रमाण असतं. माझे १२० अँपिअरचे रॉड भिंतीतून २२ ओढत होते, नेमके त्या मधल्या पट्ट्यात. त्याने त्याचं काम चोख केलं. तो वायरीची राखण करायला बसवलेला असतो. प्लगच्या ढिल्या स्क्रूचं त्याला काही कळत नाही.

उलटंही होतं. यंत्राचं बटण दाबताक्षणी एमसीबी पडतो, रॉड टेकवायच्या आधीच. यंत्रातले कपॅसिटर चार्ज होताना क्षणभर मोठा करंट ओढतात, आणि 'बी' प्रकारचा एमसीबी तीन ते पाच पटीला लगेच पडतो. 'सी' प्रकार पाच ते दहा पटीला पडतो. त्याच अँपिअरचा सी प्रकार वायरमनकडून बसवून घ्या. १६ काढून ३२ चा एमसीबी टाकणं हा उपाय नव्हे. तसं केलंत तर पुढच्या वेळी भिंतीतली वायरच फ्यूज बनेल.

घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट अर्थकडे गळाला की वीज तोडणारं बटण, असेल तर चांगलंच. तो मधूनच पडत असेल तर यंत्रात ओल किंवा लोखंडाची भुकटी शिरली आहे का ते बघा; ग्राइंडर वेल्डरशेजारी चालवला की ती पंख्यातून आत ओढली जाते. मात्र आरसीसीबी फक्त भिंतीकडच्या बाजूचा पहारेकरी आहे. रॉड होल्डर आणि कामाच्या तुकड्याला लावायच्या क्लॅम्पची बाजू यंत्रात त्यापासून विलग केलेली असते. तिथे शॉक बसला तर त्याला पत्ताही लागत नाही.

६. एक्स्टेन्शन लागलंच तर

टीव्ही-कॉम्प्युटरची चार-सहा सॉकेटांची पट्टी नको. रिळावरची वायर चालेल, पण पूर्ण उलगडून. गुंडाळलेली ठेवली तर उष्णतेला बाहेर पडायला वाट नसते.

२० मीटरच्या एक्स्टेन्शनमध्ये करंट जाऊन-येऊन ४० मीटर फिरतो. १६ अँपिअरला पाऊण चौरस मिमीच्या वायरीत सोळा-सतरा व्होल्ट वाटेतच मरतात आणि वायर साधारण २६५ वॅटने तापते. दीड चौरस मिमीत साडेआठ व्होल्ट जातात. अडीचमध्ये पाच. म्हणून अडीच, तीन कोअरची, तांब्याची, आणि दोन्ही टोकांना १६ अँपिअरचं सामान.

त्याहून सोपा मार्ग म्हणजे यंत्र सॉकेटजवळ ठेवायचं आणि वेल्डिंगच्या केबल लांब घ्यायच्या. १६ चौरस मिमीच्या केबलची प्रत्येक बाजू दहा मीटरने वाढवली तरी १०० अँपिअरला अडीच व्होल्टच्या आसपास जातात.

७. हाताशी काय काय हवं

वेल्डिंगची टोपी, ८० अँपिअरच्या कामाला दहा नंबर शेडची काच. आपोआप काळी होणारी असेल तर नवशिक्याला सोपं जातं. चामड्याचे कोरडे हातमोजे आणि एक जादा जोडी. सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे. नायलॉन-पॉलिस्टर ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं. चामड्याचे बंद बूट, पॅन्ट बुटावरून. वेल्डवर जमणारी खपली काढायची हातोडी आणि तारेचा ब्रश. खपली काढताना पारदर्शक सुरक्षा चष्मा, कारण टोपी वर केलेली असते आणि गरम खपली डोळ्याकडेच उडते. कोरड्या पावडरचं अग्निशामक, आणि जवळ वाळूची बादली. मल्टीमीटर. २.५ मिमीचे ६०१३ रॉड, कोरड्या डब्यात. आणि कापायला फुकट मिळालेलं भंगार, भरपूर.

घरातल्या बाकीच्यांनाही सांगून ठेवा. मुलं कुतूहलाने बघायला येतात. आर्क बघितलेल्या डोळ्यांत त्या वेळी काही होत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, वाळू टाकल्यासारखे डोळे टोचायला लागतात.

८. जागा

उघड्यावर, सावलीत, कोरड्या जमिनीवर. पाऊस किंवा ओली फरशी असेल तर काम उद्यावर ढकला. ठिणग्या अकरा मीटरपर्यंत जाऊ शकतात, हे प्रमाण धरून आजूबाजूचं आवरा: पुठ्ठे, भुसा, थिनरचे डबे, पडदे, गॅसचा सिलिंडर. भिंतीतल्या फटीही बघा, ठिणगी तिथे जाऊन शांतपणे बसते.

गॅल्व्हनाइज्ड पाइपवरचा जस्ताचा थर जोडाच्या दोन्ही बाजूंना घासून काढा. त्याचा पांढरा धूर नाकात गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. आणि क्लोरीन असलेल्या क्लीनरने पुसलेल्या भागावर आर्क मारू नका. त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. बंद टाकी, पेट्रोलचा डबा, रंगाचा रिकामा डबा यांना तर हातच लावू नका.

९. अर्थ क्लॅम्प कुठे लावायचा

याला स्वतंत्र कलम दिलंय, कारण इथली चूक दिसत नाही. वेल्डिंगचा ८० अँपिअर करंट रॉडमधून कामात जातो आणि क्लॅम्पमधून यंत्रात परततो. क्लॅम्प गंजलेल्या, रंगवलेल्या जागी लावला किंवा लांबच्या रेलिंगला लावला, तर करंट परतीचा दुसरा मार्ग शोधतो. कामाच्या तुकड्याला टेकलेला ग्राइंडर, इमारतीचं लोखंड, दुसऱ्या कुठल्या उपकरणाची अर्थिंगची वायर, काहीही. ती बारीक अर्थ वायर आतल्या आत जळू शकते. नंतर ते उपकरण चालूच राहतं, फक्त त्याचं अर्थिंग गेलेलं असतं आणि कोणाला माहीत नसतं.

म्हणून क्लॅम्प त्याच तुकड्यावर, जोडापासून वीतभर अंतरावर, घासून चकचकीत केलेल्या जागी. पाण्याच्या किंवा गॅसच्या पाइपाला कधीच नाही. गाडीवर काम असेल तर आधी बॅटरीची ऋण तार काढा.

१०. चालू करायचा क्रम आणि पहिला रॉड

सॉकेटचं बटण बंद, यंत्राचं बटण बंद. होल्डर आणि क्लॅम्पच्या केबल यंत्रात घालून पाव वळसा फिरवून घट्ट करा. इथला ढिला जोडही तापतो. ६०१३ रॉड होल्डर ऋणावर ठेवूनही चालतो आणि धनावरही. पातळ पत्र्याला ऋणावर ठेवा, भोक पडायची शक्यता कमी. होल्डर लाकडाच्या फळीवर ठेवा, कामाला न टेकवता. आता प्लग, मग सॉकेटचं बटण, मग यंत्र. पंखा फिरायला लागला पाहिजे.

नॉब ७५ वर. रॉड काडेपेटीच्या काडीसारखा ओढा, आपटू नका. पहिले दहा वेळा तो चिकटणारच. चिकटला की मनगटाला झटका देऊन सोडवा, नाही सुटला तर होल्डरची दांडी दाबून रॉड मोकळा करा. टोपी वर करून वाकून बघत बसू नका.

एक रॉड पूर्ण जाळा, साधारण एक मिनिट लागतं. मग थांबा. यंत्र आणि सॉकेट बंद करा, प्लग काढा आणि पिनांजवळ हाताची पाठ न्या. कोमट चालेल. हात पटकन मागे घ्यावासा वाटला तर काम बंद, पुन्हा चौथं कलम. दुसऱ्या रॉडनंतर परत तेच. पाचव्यानंतर परत. एकदा अंदाज आला की दर अर्ध्या तासाने पुरे.

याच वेळी घरातल्या दुसऱ्या सॉकेटात मल्टीमीटर लावून कोणाला तरी आकडा वाचायला सांगा. आर्क लागल्यावर २३० चे २१५–२२० झाले तर ठीक. २०० च्या खाली जात असेल तर कुठेतरी ढिला जोड आहे किंवा पुरवठाच अपुरा आहे. दिवे क्षणभर मिचकावले तर घाबरू नका, रॉड टेकवताना ते होतंच.

खपली काढणं, ब्रश मारणं, पुढचा तुकडा धरणं यात आपोआप विश्रांती होते. हौशी माणसाची ड्यूटी सायकल त्याच्या अननुभवामुळेच तीसच्या आसपास राहते, हा एक फायदा. पिवळा दिवा लागून यंत्र बंद पडलं तर ते तापलंय. बटण बंद करू नका, पंख्याला दहा मिनिटं फिरू द्या.

काम संपलं की रॉड होल्डरमधून काढा, पंखा पाच मिनिटं चालू द्या, मग यंत्र, मग सॉकेट, मग प्लग. जागेवर तासभर नजर ठेवा. भुसा किंवा कापडाचा बोळा लगेच पेटत नाही, आधी धुमसत राहतो.

११. हे सॉकेट पुरत नाही असं कधी समजायचं

दर आठवड्याला काम निघतंय, ३.१५ चा रॉड खरोखर लागतोय, किंवा प्लग काळजी घेऊनही तापतोय, तर सॉकेटशी भांडू नका. वितरण बोर्डापासून चार चौरस मिमी तांब्याची स्वतंत्र लाइन, तिच्यावर स्वतःचा सी प्रकारचा एमसीबी आणि आरसीसीबी, आणि शेवटी निळ्या रंगाचं गोल औद्योगिक सॉकेट. निळा रंग सिंगल फेज २३० व्होल्टचा. लाल दिसला तर ते थ्री फेजचं. अशा औद्योगिक सॉकेटाच्या प्लगच्या पिना गोल आणि जाड असतात, त्यामुळे प्लग डुलत नाही. एमसीबी किती अँपिअरचा हे लाइनची लांबी, वायर कशातून नेलीय आणि घराच्या जोडणीला किती भार मंजूर आहे यावर ठरतं. ते परवानाधारक वायरमनला मोजून ठरवू द्या. त्याला यंत्राच्या पाटीचा फोटो दाखवा. मी दाखवला तेव्हा त्याने आधी आय वन इफेक्टिव्हवर बोट ठेवलं, आणि पुढच्या बाजूच्या '२०० अँपिअर'कडे ढुंकूनही बघितलं नाही.